स्कायवरचे कांदेपोहे

शुक्र., १० ऑक्टो. पोर्ट्री

पोचलो एकदाचे स्काय बेटावर! इन्व्हर्नेसपासून ड्रायव्हिंग केतकीचं, बडबड माझी. फ्लॅटमेट असावी तर अशी. पण माशी शिंकलीच. आईनं पुण्यात बसून माझं स्थळ जमवलंय. "कार्डिफचा निनाद. त्यालाही डोंगरांची आवड आहे, मीच म्हटलं शनिवारी ये तिकडे. रविवारी होकार-नकार सांग, त्याच्या आजीला शब्द दिलाय." माझ्या ट्रिपमध्ये बघण्याचा कार्यक्रम! नकार ठरलेला आहे. के. हॉस्टेलच्या किचनमध्ये मुद्दाम कांदेपोहे करतेय. म्हणे, रीत म्हणजे रीत. चावट मेली.

शनि., ११

काय दिवस!!

नि. फिजिओ, जन्म कार्डिफचा, दाढीवाला. मराठी म्हणजे... "माझा आजी म्हणाली तू खूप हुशार आहे." हसू दाबता दाबता पुरेवाट. के. मुद्दाम पुढे सटकली. क्विरँगच्या डोंगरातली वाट. सगळा लाव्हा, थरावर थर, अख्खा डोंगर समुद्राकडे घसरलेला, अजून घसरतोय म्हणे. तोच आपला काळा कातळ! हरिश्चंद्रगडावर असल्यासारखं वाटलं.

कड्याच्या माथ्यावर, ओढ्याजवळ बसून पोह्यांचा डबा उघडला आणि वारा आला. आधी नुसता आवाज. मग कड्यावरून पडणारं पाणी थांबलं, वळलं आणि वर! धबधबा उलटा, थेट तोंडावर!! मी वेड्यासारखी ओरडत कडेला धावले. पाय जमिनीवरून सुटले. खरंच सुटले. नि.नं सॅकला धरून मागे ओढलं. "बस खाली! खाली बस!" दोघं चिखलात पालथे. डबा गेला, पोहे उडाले, शेंगदाणे त्याच्या दाढीत. जाम घाबरले होते. आणि इतकी खूश कित्येक महिन्यांत नव्हते.

तसाच पालथा, माझ्या कानाशी ओरडला, "आय केम टु से नो! आजीला कसं सांगू?"

"मी पण नाहीच म्हणायला आले!"

हसून हसून नाकात पाणी गेलं. वारा ओसरेपर्यंत त्यानं सॅकचा पट्टा सोडला नाही.

गाडीत के., "काय ठरलं?"

"नकार. दोघांचाही."

"मग तोंड का पाडलंयस?"

दमलेय, दुसरं काय.

रवि., १२. इन्व्हर्नेस एअरपोर्ट

नि. सकाळीच निघून गेला. "बाय" म्हणाला, बस. वारा पण पडलाय. सगळं कसं मिळमिळीत. कॉफीसुद्धा.

आत्ता त्याचा मेसेज: "आजी विचारते. मी सांगितलं वारा खूप होती, बोलणं झाला नाही. तू काय सांगितली?"

तीनदा वाचला. के.ला दाखवला नाही.

तेवढ्यात आई. "हं, बोल. हो की नाही?"

"अगं आई, पोहे उडाले. कार्यक्रम झालाच नाही."

आई हळूच, "मग आता परत कधी?"

फ्लाइटची अनाउन्समेंट झाली. म्हटलं, थांब, विचारून सांगते.