पातेल्यातला प्लायवुडचा तुकडा

मंगळवार, वारजे

माधवी हसली, तेच डोक्यातून जात नाही.

मी बांधतोय त्या बोटीसाठी मरीन प्लाय परवडत नाही, म्हणून स्वस्तातला एक तुकडा आणून उकळत ठेवला होता. पाण्यात टिकतो का, बघायला. तासाभरात थर सुटले.

बाबा पातेल्यात डोकावून म्हणाले, "तू हात लावलेलं कधी टिकलंय?" त्यांचं सवयीचं आहे. पण बायकोनं हसावं? तेही इतकं मोकळं?

मी म्हणालो, "तुलाही घरात आणण्याआधी असंच उकळून बघायला हवं होतं."

तिचा चेहरा... मान खाली घालून ती पातेल्याला चिकटलेला प्लायचा डिंक खरवडत बसली.

बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आता शोभलास माझा मुलगा."

शी! मला बरं वाटलं.