टेपवरचे सात सेकंद

प्रिय ढापणे,

ज्या माणसाने मला पहिली नोकरी दिली त्याच्यावर सूड उगवल्यावर त्याच्याच मुलीने माझ्याशी मैत्री ठेवावी, अशी अपेक्षा करायचा मला हक्क आहे का? परवापासून विचार करतेय, उत्तर सापडत नाही. सूड हाच शब्द लिहिते. आधी ‘न्याय’ लिहिला होता, पण खोडला. न्याय करताना माणसाला इतका आनंद होत नसावा.

परवा इस्त्रीवालीची शोकसभा झाली. तू आली नाहीस, म्हणून सांगते. लॉन्ड्रीच्या मागच्या लांबलचक खोलीत, जिथे तिने तीस वर्षं इस्त्री फिरवत गाणी रचली, तिथेच टेबलं भिंतीला सरकवून सभा घेतली. दोनशे माणसं तरी असतील. बस कंडक्टर म्हणाला, “हिचं कडवं संपेपर्यंत मी घंटी मारायचो नाही. ड्रायव्हर शिव्या द्यायचा, मग तोही ऐकायला लागला.” एक नर्स बोलायला उभी राहिली आणि नुसती रडून खाली बसली. तुझे बाबा प्रमुख पाहुणे. लोकगीतांच्या नव्या पुस्तकाचं प्रकाशनही तिथेच उरकून घ्यायचं होतं त्यांना. कडक सदऱ्यात आले. आई माझ्या कानात पुटपुटली, “कॉलर कच्ची आहे.” तिने बावीस वर्षं इस्त्रीवालीच्या शेजारच्या टेबलावर काढलीत, तिच्या नजरेतून कॉलर सुटत नाही.

इस्त्रीवाली गाणं कसं संपवायची ते तुला मी नक्कल करून दाखवलं होतं. शेवटी इस्त्री आपटून विचारायची, “गाणं कुणाचं?” आणि गप्प. मग सगळी खोली ओरडायची, “इस्त्रीवालीचं!” स्वतःचं नाव तिने स्वतः कधी घेतलं नाही. म्हणायची, “मी कशाला घेऊ? ऐकणाऱ्यांना तोंडं नाहीत का?” तुझ्या बाबांनी तिला ध्वनिमुद्रणाला बोलावलं तेव्हाही तिने सवयीने विचारलं. त्या बंद खोलीत ऐकणारे दोघंच, बाबा आणि यंत्रवाला. कुणी ब्र काढला नाही. बाबांना वाटलं, बाई पुढचं विसरली. त्यांनी लॉन्ड्रीत कधी पाऊल टाकलं असतं तर कळलं असतं. त्यांनी प्रश्न कापला, शांतता कापली, आणि रेकॉर्डवर छापलं ‘पारंपरिक’. खाली संकलक म्हणून स्वतःचं नाव. इथवर ती चूक होती. चूक मी माफ केली असती.

मी तेव्हा आठवीत होते. तिच्या वतीने त्यांना पत्र मी लिहिलं, माझ्या आयुष्यातलं पहिलं पत्र, तीनदा उतरवून काढलेलं. उत्तर एका ओळीचं आलं : ‘गीतकर्त्याचा पुरावा उपलब्ध नाही.’ खाली लफ्फेदार सही. तीच सही पुढे माझ्या नेमणुकीच्या पत्रावर पाहिली तेव्हा कळलं, तो माणूस म्हणजे तुझे बाबा; नाव विसरले होते, सही नाही. तोवर आपण दोघी चार वर्षं एका डब्यात जेवलो होतो. मैत्री मी त्यासाठी केली नव्हती, एवढं तरी मान.

विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहालयात, बाबांच्या हाताखाली, जुन्या टेपा संगणकावर चढवताना ती मूळ टेप सापडली, न कापलेली. “गाणं कुणाचं?” आणि पुढे सात सेकंद काहीच नाही. तिची प्रत इस्पितळात इस्त्रीवालीच्या कानाला लावली, तर हसली. “सात सेकंद? तेवढ्यात एक कॉलर होते गं, बीएवाली.” आमच्या घरातली पहिली पदवी म्हणून तिनेच ठेवलेलं नाव. मी तुझ्या बाबांकडे गेले, नव्या पुस्तकात तरी तिचं नाव घाला म्हटलं. ते म्हणाले, “अगं, लोकगीत लोकांचं असतं. शिकलेली मुलगी तू, एवढं कळत नाही?” आणि तू म्हणालीस, बाबा निवृत्त होतायत, तोवर थांब, माझ्यासाठी. मी थांबले, ढापणे. चार महिने थांबले आणि ती गेली. हे मी तुला माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही.

सभेत गाणं लावायचं काम बाबांनी माझ्याकडेच दिलं होतं. मी मूळ टेप लावली. “गाणं कुणाचं?” असं आलं आणि बाबा दचकून माझ्याकडे वळले. सात सेकंद लागलेच नाहीत. दोनशे तोंडांनी नाव घेतलं. मी माइकवरून विचारलं, “पुरावा ऐकू आला का, सर?” कंडक्टरने त्यांच्या हातातलं पुस्तक घेतलं, पान उघडून मोठ्याने वाचलं, “पारंपरिक,” आणि म्हणाला, “ही कोण बाई? आम्ही तर हिला कधी ऐकलं नाही.” सगळी खोली हसली. बाबा चष्मा पुसत राहिले. ते बघताना मला जे सुख झालं ते तुझ्यापासून लपवणार नाही.

काल तुझा निरोप मिळाला : टेप गुपचूप परत ठेव, बाबा तक्रार करणार नाहीत, आपण सगळं विसरून जाऊ. त्याचंच हे उत्तर. टेप संग्रहालयातल्या कपाटात जागेवर आहे, वर इस्त्रीवालीच्या नावाची चिठ्ठी चिकटवून. पण तिची प्रत, सभेचं ध्वनिमुद्रण आणि आठवीतल्या माझ्या पत्राला आलेलं ते एका ओळीचं उत्तर, असं तिन्ही आज सकाळी मी प्रकाशकाच्या आणि विद्यापीठाच्या हातात नेऊन दिलं. राजीनामा बाबांच्या टेबलावर ठेवला. सगळं आटोपल्यावरच तुला लिहायला बसले, कारण आधी लिहिलं असतं तर तू पुन्हा “माझ्यासाठी थांब” म्हणाली असतीस, आणि मी थांबले असते.

तुझीच, ठेवशील तर,
बीएवाली