पऱ्हाटीची राख आणि बाबांची विहीर

साखरखेर्डा
१० मार्च २०२४

चि. महामायास,
आईचे अ. आ. आणि जयभीम.

तुला कोळशासाठी कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या हव्या होत्या. पुण्यात जाळत बसायचा तुझा त्रास वाचावा म्हणून मी इथेच चुलीत जाळल्या आणि डबाभर राख चाळून पाठवते आहे. बाबा विचारतात, एवढ्यासाठी पीएच.डी. कशाला लागते?

सोबत आपल्या विहिरीच्या पाण्याची बाटली आहे. गोड पाणी कशाला म्हणतात ते तुझ्या पाणी तपासायच्या यंत्राला कळू दे, असं त्यांनी मुद्दाम लिहायला सांगितलं. तुझ्या वहिनीला, प्रतीक्षाला, सातवा लागला. नळाचं पाणी मचूळ लागतं म्हणून तीही विहिरीचंच पिते.

जेवत जा.
तुझी आई, सिंधू

पुणे
२३ मार्च २०२४

ती. आईस,
महामायाचा सविनय जयभीम.

राखेने प्रयोगशाळेतली सगळी भांडी लखलखीत झाली. सर खूश आहेत. अगं, मला राख नको, हवाबंद भट्टीत भाजलेला, बारीक छिद्रांचा कोळसा लागतो. नशीब, डबा हलू नये म्हणून बाबांनी खोक्यात पऱ्हाटीच्या काड्या खुपसल्या होत्या. त्यांचाच कोळसा केला. तो तारेच्या टोकाला लावून पाण्यात बुडवला की फवारणीचं औषध त्या छिद्रांत अडकतं आणि यंत्रावर रेघ उठते.

बाबांच्या गोड पाण्यात ती उठली. दुसऱ्या प्रयोगशाळेतही तपासून घेतलं, उत्तर तेच. वांग्यांसोबत घरच्यांवरही फवारणी केल्याबद्दल त्यांचं अभिनंदन कर. फवारणीचा पंप ते विहिरीच्या ओट्यावरच धुतात ना? आई, मला खरंच भीती वाटते. प्रतीक्षाला ते पाणी देऊ नकोस.

तुमचीच,
महामाया

साखरखेर्डा
४ एप्रिल २०२४

चि. महामायास,
अ. आ.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. आधी यंत्र खोटं ठरलं, मग माझी राख, मग तू. पोरगी पुण्याला जाऊन घरच्या पाण्याला नावं ठेवते, हे चौकातही सांगून आले. मी प्रतीक्षासाठी नळाचं पाणी भरलं, तर तिला म्हणाले, सासूचं ऐकू नको, विहिरीचंच पी. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

काल दुपारी ते शेतातून घामाघूम होऊन आले. मी विहिरीच्या पाण्याचा तांब्या प्रतीक्षासमोर त्यांच्या हातात दिला आणि एवढंच म्हटलं, "पहिले तुम्ही प्या, मंग तिले देतो."

त्यांनी तांब्या ओठांपर्यंत नेला. मग खाली ठेवला आणि म्हणाले, तहान नाही.

विहिरीवर त्यांची माया आहेच, ती असू दे. तिचं पाणी पुन्हा पिण्याजोगं कसं होईल, ते तुझ्या सरांना विचारून लगेच कळव. हे बाबांनीच विचारलंय, पण त्यांचं नाव लिहू नको म्हणाले.

तुझी आई, सिंधू