माळवदाखालचं लग्न

२१ नोव्हें., कळंब
आमच्या पल्लवीच्या होणाऱ्या सासरचा निरोप. लग्न त्यांच्याच दगडी वाड्यात. निजामाच्या वक्ताचा आहे, पुढचा भाग लग्नांना, बैठकांना देतात. घरचं असताना दुसरं कार्यालय कशाला, असं व्याही म्हणाले. हे लगेच हो म्हणून मोकळे. मला पुढं जेवण गेलं न्हाय.

२४ नोव्हें.
वाडा बघून आलो. नवा चुना, झुंबरं, खुर्च्यांना पांढरी कापडं. आणि वर माळवद. जाड तुळया, त्यांवर हातभर माती. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आधी लोहाऱ्याकडं आमचंही असंच होतं. आई आणि धाकटी बहीण बेबी त्याखालीच... मला शेजाऱ्यांनी केसांना धरून ओढून काढलं.
चहा अर्धा टाकून अंगणात आले. विहीणबाई मागोमाग आल्या. उकडतंय, मी म्हणाले. थंडीच्या दिवसांत!

२५ नोव्हें.
मी ह्यांना म्हणाले, दुसरी जागा बघा. किती वर्षं झाली त्याला, हे म्हणाले. माणूस वाईट न्हाय. माझ्यासाठी तर अजून पत्र्याच्या घरात राहतात. पण सोयरीक मोडायचं त्यांना भ्याव.

२८ नोव्हें.
दुपारी भांडी खणखणली. अनवाणी रस्त्यावर. शेजारीण म्हणाली, कुणाच्या तरी विहिरीला सुरुंग लावलाय. पल्लवीनं हाताला धरून आत आणलं, पाणी दिलं.

३० नोव्हें.
एकटीच विहीणबाईंकडं गेले. सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं, मग मागच्या खोलीत नेलं. नवा पलंग, आरसा.
"ही पोरांची खोली. लग्नानंतर दोघं इथंच राहणार."
वर तेच माळवद. मी आपली एका दिवसाचंच भ्याव धरून बसले होते.
वाड्यामागं आम्ही पत्र्याची खोली बांधून देतो, मी म्हणाले. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "आमच्या पिढ्या ह्याखाली निजल्या, ताई. भूकंपातसुद्धा भिंत चिरली न्हाय."


१ डिसें.
पल्लवीला खोली आधीच ठाऊक होती. होणाऱ्या जावयानं, अक्षयनं दाखवलेली. मला सांगायचा धीर झाला न्हाय म्हणाली.
"मला तिथं भीती वाटत न्हाय, आई. तुझी वाटते."

७ डिसें.
लग्न लागलं. विहीणबाईंनी कुणाला न विचारता मांडव अंगणात घालून घेतला होता. पाया पडले त्यांच्या. सोयरीक बरोबरीची, तरी पडले.
निघताना पल्लवीनं त्याच मागच्या खोलीत बोलावलं. गेले. पलंगावर बसले. ती बोलत होती, मला एक शब्द कळला न्हाय. मग उठले आणि तिला तिथं ठेवून आले.
मांडवपरतणीला रविवारी माहेरी येईल. तोवर माझा कान भांड्यांकडंच.