भिंतीकडची पट्टी

अस्टोरिया, ऑरेगन
रविवार, १८ ऑक्टोबर २००९

प्रिय रेयनो,

तू खुशाल असशील आणि कंबर आता फार छळत नसेल, असं धरून चालतो. तुझी वहिनी मार्लिस बरी आहे. टायमी आत्याच्या मनगटाचं प्लास्टर निघालं, पण कॉफीचा कप अजून डाव्या हातानंच उचलते. तुझा पत्ता तिच्याकडूनच मिळवला. देताना म्हणाली, "पत्ता देते, पण लिहायचं असेल तरच घेऊन जा. खिशात घालून फिरवायला देत नाही." तरी मी नऊ दिवस फिरवला.

तुझ्या याकिमाला म्हणे वर्षभरात जेमतेम आठ इंच पाऊस पडतो. इथं तेवढा एकट्या नोव्हेंबरात पडतो, हे तुला सांगायला नको. या आठवड्यात सलग चार दिवस कोरडे मिळाले, म्हणून मागच्या दारच्या लाकडी डेकचं काम काढलं. डेक नवा आहे. नदीपलीकडच्या एका माणसानं ऑगस्टमध्ये बांधला. काम वाईट नाही, पण पायऱ्यांची उंची एकसारखी नाही. तू बघितलं असतंस तर बोलला नसतास, नुसता दोनदा चढून उतरला असतास.

तू शिकवलंस तसंच सगळं केलं. कुंड्या हलवल्या, खुर्च्या शेडमध्ये टाकल्या, चटई गुंडाळली. फळ्यांच्या फटीत अडकलेल्या फरच्या झाडाच्या सुया जुन्या सुरीनं उकरून काढल्या. दोन बादल्या निघाल्या. कोपऱ्यात धरू लागलेलं शेवाळ ताठ ब्रशनं घासलं. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याचं मशीन शेजाऱ्यानं देऊ केलं होतं, ते घेतलं नाही. मी एकदा ते भाड्यानं आणलं होतं तेव्हा तू म्हणाला होतास, "लाकूड धुतोयस की सोलतोयस?" मग दोन दिवस वाळू दिलं, तेलाचा पातळ हात दिला आणि उरलेलं तेल फडक्यानं टिपून घेतलं.

हे सगळं तुला कशाला सांगतोय, असं तुझ्या मनात येईल. रेयनो, डेकच्या खाली शिरून भिंतीकडे बघायची वेळ आली की मी पुन्हा वर येऊन सुया उकरत बसायचो. या पत्रातही माझं तेच चाललंय.

आता सांगतो.

पाच वर्षांपूर्वी मी मागचं सरकतं दार बसवलं. तुला बोलावलं नाही. मार्लिस म्हणाली होती, रेयनोला फोन कर, अर्ध्या दिवसाचं काम आहे. मला राग आला. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी रेयनोचा डेक, रेयनोच्या पायऱ्या. मी तुझ्याहून सहा वर्षांनी मोठा, आणि माझ्या घरात काय चांगलं आहे असं विचारलं तर लोक तू बांधलेलं दाखवायचे. म्हटलं, एक दार तरी माझ्या हातचं असू दे.

उंबरा अर्धा इंच वर येत होता. तू बांधलेला जुना डेक जिथं घराला टेकायचा तिथली तुझी पत्र्याची पट्टी, भिंतीवरून येणारं पाणी बाहेर टाकणारी, ती मध्ये येत होती. मी ती कात्रीनं कापून टाकली. फटीत सिलिकॉन भरलं आणि वरून रंगवलेली फळी ठोकली. तू ऑक्टोबरात आलास, दार बघून खूश झालास, आणि विचारलंस, "खाली पट्टी तशीच आहे ना?" मी म्हणालो, "तशीच आहे." तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवलास. ती फळी उचकटून बघितली नाहीस.

पहिली काही वर्षं लाकूड टिकलं. दर ऑक्टोबरात तू खाली शिरून ठोकून बघायचास आणि मी वर उभा राहून घाम पुसायचो. गेल्या वर्षी तुझी कंबर धरली. तू फोनवर म्हणालास, "या वेळी तू शीर खाली. डेक जिच्यावर टांगलाय ती भिंतीची फळी स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघ. टोक आत गेलं तर लाकूड कुजलंय, मला लगेच सांग."

मी शिरलो, रेयनो. नुसतं टोक नाही, स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर त्याला ओला भुसा चिकटलेला. मी तो पँटला पुसला, वर आलो आणि तुला फोन केला. "टणक आहे," म्हणालो. मग सगळ्या डेकला तेल लावलं, इतकं छान की मार्लिसनं फोटो काढला. सांगितलं असतं तर पट्टीचं सांगावं लागलं असतं. म्हटलं, एक हिवाळा निघून जाईल.

हिवाळा निघाला. जूनमध्ये युहानुसचं, मध्य-उन्हाळ्याच्या सणाचं जेवण आमच्याकडे होतं, तुझ्या डेकवर, बावीस माणसं. भिंतीकडची बाजू सुटली आणि सगळे घसरत दाराकडे गेले, टायमी आत्या सगळ्यांच्या खाली. धूळ बसायच्या आत माझ्या तोंडून निघालं, "तरी मी म्हणत होतो, रेयनोनं बोल्ट कमी घातलेत." असं मी कधीच म्हणालो नव्हतो. बावीस जणांनी ते ऐकलं.

तू खाली वाकून भिंतीकडे बघितलंस. माझी रंगवलेली फळी निखळून पडली होती, पट्टी कापलेली स्पष्ट दिसत होती. मग माझ्याकडे बघितलंस. मी तयार होतो. तू बोलला असतास तर मी भांडलो असतो, आणि भांडून मोकळा झालो असतो. तू फक्त म्हणालास, "आत्याला आधी गाडीत बसवा."

कापलेली पट्टी आणखी कुणाला दिसू नये म्हणून दुसऱ्या दिवशी मी ती भिंत साफ करून टाकली. जुलैत सोर्विकबाईंनी माझ्या त्या बोलण्यावरून तुला दिलेलं डेकचं काम रद्द केलं, मग वेस्टरलुंडनं. सप्टेंबरात तू ट्रक भरून डोंगरापलीकडे गेलास. तिथं तू सफरचंदांच्या पेट्या चढवतोस असं आत्या सांगते. तुझ्या हातांनी पेट्या. हे मी केलं. मला त्याची इतकी लाज वाटते की दाढी करताना आरशात फक्त हनुवटी बघतो.

गेल्या आठवड्यात सांगून टाकायचं म्हणून हार्लनच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. सकाळी तिथं कॉफीला सगळे असतात. तीन दिवस गेलो आणि तीन दिवस स्क्रू घेऊन परत आलो. चौथ्या दिवशी हार्लन म्हणाला, "एल्डन, तू जहाज बांधतोयस का?" तेव्हा सांगितलं. पट्टी, स्क्रू ड्रायव्हर, फोन, बोल्टांचं खोटं, सगळं. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वेस्टरलुंड कप ठेवून निघून गेला. हार्लननं विचारलं, "रेयनोला सांगितलंस?"

मी म्हणालो, "त्याला माहीत आहे."

"त्याला काय माहीत आहे ते विचारत नाही. तू सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. गावाला आधी आणि तुला शेवटी, हाही क्रम चुकलाच.

माफ कर असं लिहून खोडलं. माफी मागायचा हक्क मला आहे असं वाटत नाही, आणि उत्तराची वाट बघून तुझ्यावर आणखी ओझं टाकायचं नाही. एकच सांगायचं आहे. दुकानातलं कळल्यावर सोर्विकबाईंनी माझ्याकडून तुझा पत्ता घेतला. त्या स्वतः लिहिणार आहेत, त्यांना वसंतात डेक तुझ्याच हातचा हवा आहे. माझ्यामुळे त्यांना नाही म्हणू नकोस. त्यांच्या घरी दफनभूमीच्या बाजूनंही रस्ता जातो. तुला माझ्या दारावरून जावं लागणार नाही.

तुझा भाऊ म्हणून सही करायचं धाडस अजून होत नाही,
एल्डन