सातव्या पायरीखालची हवा

खाजणवाडी, ता. मालवण
४ जुलै १९५७

तीर्थरूप हरिश्चंद्रकाकांच्या चरणी सुगंधाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

आपले पत्र पोचले. वायुभारमापकावरची चार पाने मी आईला वाचून दाखवली. तिसऱ्या पानावर ती झोपली, पण यंत्र चांगले असावे असे तिचे मत पडले. शाळेचे छप्पर दोन ठिकाणी गळते, म्हणून मी पहिली आणि दुसरीचे वर्ग एकाच कोपऱ्यात बसवते.

आता काळजीची गोष्ट. मिरगानंतर आपल्या गावात एक मनुष्य आला आहे. चुकले, तो स्वतःला मनुष्य म्हणवतच नाही. तो दर्यातला देवचार आहे आणि बुडालेल्यांची राखण करतो, असे त्याचे सांगणे. देवळाच्या तळीत तो उतरतो आणि अर्धा-अर्धा तास वर येत नाही. सारी गाबीतवाडी काठावर उभी असते. पैसा घेत नाही, कोंबडा घेत नाही, त्यामुळे संशय घ्यायला जागा उरत नाही. आपले लोक जन्माचे पाण्यातले. माणसाचा दम किती टिकतो हे त्यांना ठाऊक आहे, म्हणूनच ते हात जोडतात. दम टिकण्याबाहेरचे ते डोळ्यांनी बघतात ना!

त्याने आईला सांगितले, की बाबा जिवंत आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्यासह उपड्या झालेल्या त्या मोठ्या मचव्याखाली दर्याने त्यांना सांभाळून ठेवले आहे. नारळी पौर्णिमेला बाबांची होडी शीड लावून, एकही माणूस न बसवता, ओहोटीला खाडीच्या तोंडातून सोडायची. ती त्यांना घेऊन येईल. आईने होकार दिला आहे.

धोंडूमामा ती होडी चालवतो आणि त्यातला अर्धा वाटा आमच्या चुलीवर येतो, हे आपणांस ठाऊक आहेच. होडी गेली तर काय, असे मी विचारले. आई म्हणाली, "तुझो बापूस येतलो, मगे होडयेचा काय घेवन बसलंस?" यावर उत्तर आपण सुचवावे.

मायेत अंतर पडू देऊ नये.
आपली,
सुगंधा

सावंतवाडी
८ जुलै १९५७

चि. सुगंधास काकाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र तीनदा वाचले. पहिली गोष्ट, वहिनीशी वाद घालू नकोस. जिला आशा आहे तिला शहाणपण शिकवणे म्हणजे बुडत्याला पोहण्याचे पुस्तक देणे. दुसरी गोष्ट, त्या इसमाला ढोंगी म्हणू नकोस. अजून ते आपण सिद्ध केलेले नाही, आणि सिद्ध केल्यावर म्हणण्याची गरज पडणार नाही.

माझा तर्क असा, की तो तोंडात देवनळाची पोकळ काडी धरून श्वास घेत असावा. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून तू पाच गोष्टी वहीत टिपाव्यात: तो किती वेळ खाली राहतो, कोणत्या जागी उतरतो, पाण्यावर काही वर आलेले दिसते का, बुडबुडे येतात का आणि कोठे, आणि त्या दिवशी तळीच्या किती पायऱ्या उघड्या आहेत. तो उतरायला नकार देईल तो दिवसही टिपायचा. नकारातून पुष्कळ कळते.

तुझ्याकडे घड्याळ नाही. हरकत नाही. अर्धी करवंटी घे, बुडाला सुईएवढे भोक पाड आणि पाण्यावर तरंगत ठेव. ती भरून बुडायला किती मिनिटे लागतात ते शाळेच्या घड्याळावर मोजून घे. लग्नात मुहूर्त साधणारे घटिकापात्र ते हेच. आपल्या पूर्वजांनी वेळ पाण्याने मोजला याचा मला किती आनंद वाटतो ते लिहू लागलो तर पुन्हा चार पाने होतील.

शाळा चालू आहे आणि कर्ली नदीवरची तर, ती उतारूंची नाव, पावसात बेभरवशाची, म्हणून येणे जमत नाही. ती. स्व. सौ. वहिनींना माझा नमस्कार सांग.

तुझा काका,
हरिश्चंद्र

खाजणवाडी
२० जुलै १९५७

तीर्थरूप काकांस सुगंधाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

करवंटी नऊ मिनिटांत बुडते. पहिली कलंडली, दुसरी मांजराने पळवली, तिसरी प्रामाणिक निघाली.

देवनळाचा तर्क पाण्यात गेला. तळीवर काडीसुद्धा तरंगत नाही. पाणी जांभ्याच्या मातीने लाल आहे, हातभर खालचे दिसत नाही. बाकीचे वहीतून उतरवते. तो तीनदा उतरला. दोनदा अडीच करवंट्या, एकदा तीनला थोडी कमी. प्रत्येक वेळी उत्तरेच्या भिंतीशीच उतरला. बुडी मारताना थोडे बुडबुडे आले, नंतर एकही नाही. तिन्ही दिवशी वरून सातवी पायरी पाण्याखाली होती. मधे चार दिवस उघाडी पडली, पाणी उतरले आणि सातवी पायरी कोरडी झाली. तेव्हा शेजारची हौसाबाई मुद्दाम वालावलच्या पाहुण्यांना घेऊन गेली होती, तर त्याने आज दर्याचा हुकूम नाही म्हणून सांगितले. पाहुण्यांनी नमस्कार केला आणि फणस खाऊन परत गेले.

आईचा विश्वास कशाने बसला तेही आता कळले. दोन वर्षे ती पडवीतल्या खुंटीवर बाबांचा सदरा आणि पंचा कोरडा करून ठेवते. माणूस भिजून येईल म्हणून. देवचाराने बाबांचे नाव घेऊन तिला विचारले, की खुंटीवर कपडे आहेत ना, गुणाजी विचारतो. त्या दिवसापासून ती कोणाचे ऐकत नाही. तीन आठवडे उरले आहेत. धोंडूमामा होडीवर पावसासाठी घातलेले झावळ्यांचे झाप काढून रोगण लावतो आहे.

आपली,
सुगंधा

सावंतवाडी
२४ जुलै १९५७

चि. सुगंधास अनेक आशीर्वाद, वि. वि.

शाबास! अशी वही माझ्या अकरावीच्या एकाही विद्यार्थ्याने ठेवली नाही. तुझ्या सातव्या पायरीने कुलूप उघडले.

आता सावकाश वाच. उत्तरेच्या भिंतीत कमानीची लहान ओवरी आहे, आठवते? उन्हाळ्यात आंघोळीला आलेले लोक तिच्यात सुके कपडे ठेवतात. लहानपणी मी आणि दादा तिच्यात लपत असू. कमानीचा माथा बरोबर सातव्या पायरीच्या पातळीला आहे, पण आतला घुमट त्याहून दोन-अडीच फूट उंच आहे. पाऊस झाला की ओवरी बुडते असे आपण सारे म्हणतो, आणि बुडालेली जागा पाण्याने भरते असे गृहीत धरतो. चूक इथेच आहे. पेला उपडा करून घमेल्यातल्या पाण्यात सरळ खाली दाब. आत कागदाचा बोळा चिकटवून ठेव. पेला बुडेल, बोळा कोरडा राहील. हवेला निघायला वाट नसली तर पाण्याला शिरायला जागा नसते.

म्हणजे तो इसम बुडी मारतो, कमानीखालून आत जातो आणि घुमटाखाली डोके बाहेर काढून स्वस्थ बसतो. श्वास पाण्यात सोडत नाही, म्हणून बुडबुडे नाहीत. सातवी पायरी उघडी पडली की कमान उघडी पडते, म्हणून हुकूम नाही. घुमटात छत्तीस घनफूट हवा धरू. स्वस्थ माणूस उच्छ्वासावाटे तासाला पाऊण घनफूट कर्बद्विप्राणिद वायू सोडतो. तो शंभरात पाच भाग झाला की धाप लागते. गणित कर: दोन तास चोवीस मिनिटे. अर्ध्या तासात त्याला जांभईसुद्धा येऊ नये.

खुंटीचे गूढ त्याहून सोपे आहे. खुंटी पडवीत आहे आणि पडवी रस्त्यावर.

उपाय असा. तळीचे पाणी सोडायची मोरी देवळाचा कारभार बघणाऱ्या दाजींच्या माडांच्या बागेत उघडते. तो आत असताना मोरीचा खुंट काढला, तर तळी लहान असल्याने अर्ध्या तासात पाणी वीतभर उतरेल. कोणी ओरडायचे नाही, कोणी हात उचलायचा नाही, पाणीच सांगेल. मात्र आधी वहिनीला पेला दाखव. चारचौघांत तिला धक्का बसता कामा नये.

उत्तराची वाट पाहतो. शिकवताना आज दोनदा चुकलो.

तुझा काका,
हरिश्चंद्र

खाजणवाडी
५ ऑगस्ट १९५७

तीर्थरूप काकांस सुगंधाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

शनिवारी मी आईपुढे घमेले मांडले. तिने पेला बघितला, बोळा चाचपला आणि माझ्याकडे असे पाहिले, जणू मी तिला मीठ खारट असते हे शिकवत होते. म्हणाली, "उपड्या होडयेखाली वारो ऱ्हवता, ह्या माका शिकयतंस? तुझ्या बापाशीन तसोच एकदा जीव वाचवल्यान." मग मी ओवरीचे सांगितले. तिने पेला पुन्हा स्वतःच्या हाताने घमेल्यात दाबला. दर्यातले सारे तिला ठाऊक. पण तळी देवाची, गोड्या पाण्याची, तिथेही हवा तशीच वागेल हे कोणाच्या मनात आले नव्हते. शेवटी तिने डोक्यावर इरले घेतले आणि एकटी दाजींकडे गेली.

काल रविवारी सहाव्या पायरीपर्यंत पाणी होते. देवचार उतरला. मोरीचा खुंट आईने स्वतःच्या हाताने काढला. लोकांना दाजींनी एवढेच सांगितले, की बागेला पाणी हवे आहे. भर पावसाळ्यात माडांना पाणी कशाला, असे हौसाबाईने विचारले तेव्हा दाजी खोकू लागले. धोंडूमामा कमानीसमोर कमरभर पाण्यात उभा राहिला. माझी करवंटी तिसऱ्यांदा बुडत आली होती. सातव्या पायरीची कड दिसली, भिंतीतून गुडगुड आवाज आला, आणि पाठोपाठ आतून शिंक ऐकू आली.

मग कमानीत फटीएवढा उजेड गेला आणि देवचाराचे डोके दिसले. ओवरीतल्या कोनाड्यात तंबाखूची डबी होती. लोक पुढे सरसावले तेव्हा तो म्हणाला, "मारू नकात, आधीच थंडीन मरतंय." आईने सर्वांना मागे केले आणि त्याला बाहेर यायला सांगितले. नाव बाबली. मुंबईच्या गोदीत जहाजांची बुडे खरवडत असे. रिकामी होडी खाडीपलीकडच्या पुळणीवर वाऱ्याने लागली असती आणि तिथे त्याचा मेहुणा ती पळवायला उभा राहणार होता. आईने त्याला एकच विचारले, की गुणाजीचे खरेच काही कळले होते का. तो मान खाली घालून नाही म्हणाला. दाजींनी त्याला पोलीस पाटलाच्या हवाली केले.

होडी वाचली. आज आईने आपणांस पुढील मजकूर लिहायला सांगितला, तो तिच्याच शब्दांत देते:

"भावजी, तळयेतलो वारो किती टिकता तो हिशेब तुमी पोराक लिवन धाडलात. आता मचव्याचो लिवा. मचवो उपडो झालो तेव्हा आत सा माणसा होती. विजयदुर्गवाल्यांनी दुसऱ्या दिवशी तो तरंगताना बघल्यानी आणि मगे तो दिसलो नाय. किती येळ, ता खरा लिवा. माका बरा वाटाचा म्हणान लिवू नकात."

आपली,
सुगंधा

सावंतवाडी
७ ऑगस्ट १९५७

तीर्थस्वरूप यशोदावहिनींस हरिश्चंद्राचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

आपण खरे विचारलेत, म्हणून खरे लिहितो.

त्या मचव्याच्या पोटात उपडा झाल्यावर फार तर दीडशे घनफूट हवा राहिली असेल. सहा माणसांना ती पावणेदोन तास नीट पुरते. पुढे धाप लागते, डोके जड होते. तीन तास वीस मिनिटांच्या सुमारास गुंगी येते. गुंगीत भीती उरत नाही, असे ज्यांनी ह्याचा अभ्यास केला ते सांगतात. लाटांनी हवा निसटली असेल तर वेळ ह्याहून कमी. अधिक नाही. चार तासांपलीकडे कोणत्याही हिशेबाने जाता येत नाही. विजयदुर्गच्या लोकांनी मचवा पाहिला तेव्हा अठरा तास झाले होते.

वहिनी, हा हिशेब मी आज केलेला नाही. दोन वर्षांपूर्वी, बातमी आली त्याच आठवड्यात केला होता. वहीत तारीख आहे. रोज वर्गात दुसऱ्यांच्या मुलांना सांगतो, की जे सिद्ध झाले ते बोलावे. पण माझ्या भावाचे सिद्ध झालेले मला तुम्हांला लिहिता आले नाही. तुम्ही खुंटीवर कपडे ठेवता हे दिवाळीत येऊन मी पाहिले, आणि त्या पडवीत बसून भरतीओहोटीवर बोललो. मी जी जागा रिकामी ठेवली तिच्यात बाबली येऊन बसला. त्याला पोलीस पाटलाकडे नेले. मला कोठे न्यावे ते तुम्ही ठरवा.

पौर्णिमेला मी येतो. कर्लीची तर बंद असली, तर कुडाळवरून फेरा घालून येईन.

आपला,
हरिश्चंद्र

खाजणवाडी
१४ ऑगस्ट १९५७

तीर्थरूप काकांस सुगंधाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

आपण सुखरूप पोचलात हे एस.टी.च्या कंडक्टरने हौसाबाईला, आणि हौसाबाईने गावाला सांगितले. छत्री इथेच राहिली आहे.

आपले पत्र आईने मला दोनदा वाचायला लावले होते, हे आपल्यासमोर बोलले गेले नाही. पहिल्यांदा ती मधेच म्हणाली, की चार तास म्हणजे एक भरतीसुद्धा पुरी नव्हे. दुसऱ्यांदा तिने पत्राची घडी घालून ती कमरेला खोचली. आपल्याला कोठे न्यावे ह्या प्रश्नावर तिचे उत्तर असे, की भावजींक होडयेर न्या, आणि वल्हा हातात द्या. म्हणून आपल्याला शनिवारी होडीत बसवले. सर्वांनी आपले वल्हवणे पाहिले. गावात अजून त्याच्यावरच बोलणे चालू आहे.

आपण एक मात्र पाहिले नाहीत. आपण बसच्या घाईत पुढे गेलात तेव्हा धोंडूमामा होडी ओढून पडवीत आला होता. नारळ सोडताना लाट अंगावर आली होती, तो डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला. आईने खुंटीवरचा सदरा आणि पंचा काढला आणि त्याच्या हातात दिला. मामा घेईना. आई म्हणाली, "घाल. भिजान आयलेल्याक म्हणानच ते ठेवलेले."

काल तिने खुंटीवर आपली छत्री टांगून ठेवली आहे. न्यायला लवकर यावे, आणि माया आहे तशीच भरलेली असू द्यावी.

आपली,
सुगंधा