वसंताचे चार स्पीकर

नाशिक, १९७९. मंगळवार, संध्याकाळ.

माझ्या वसंतानं आज खोलीच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर लावले. समोरचे दोन होतेच, आता मागंही दोन. मनमाडच्या दोस्तानं डोक्यात भरवलंय, गाणं चारी बाजूंनी आलं पाहिजे. मधोमध खुर्ची ठेवून मला बसवलं आणि त्याच्या बापाच्या भजनाची टेप लावली. माणूस जाऊन सहा वर्षं झाली.

"आई, डोळे मिट. बाबा मागूनही गातायत बघ."

"जिता होता तेव्हा कधी मागं वळून पाहिलं नाय. आता बरा मागून येतोय!"

सूनबाई तोंडाला पदर लावून हसली. पोराचं तोंड उतरलं, तरी माझी जीभ थांबेना. म्हटलं, "भजनात मधोमध देवाचा फोटो असतो. तिथं मला बसवलंस होय? मी जन्मभर भिंतीआडून ऐकलं, सगळ्यांचा चहा उकळत."

त्यानं हळूच विचारलं, "बाबांचं एक तरी चांगलं आठवतं का तुला?"

"गळा चांगला होता. म्हणून तर घरात थांबला नाही. तू तापानं फणफणत होतास, तेव्हा तो निफाडला गात होता."

एवढं बोलायला हवं होतं का? खोटं तर नव्हतं. ती खुर्ची अजून मधोमधच आहे, कोणी हलवली नाही. वसंतानं मागच्या दोन्ही स्पीकरच्या तारा उपटल्या आणि न जेवता बाहेर गेला.

मी जेवले. वांगं बरं झालं होतं.